विश्लेषण : पुण्याचा कचरा डेपोपर्यंत जातोच कशाला?

रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या पुण्याने वर्षानुवर्षे तो शेजारच्या दोन गावांच्या उशाशी नेऊन ओतला. त्याच पुण्यात साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक रोज सकाळी ढकलगाडी घेऊन दारोदार फिरतात, कचरा गोळा करतात, त्यातले विकण्याजोगे बाजूला काढतात आणि पुन्हा कारखान्यांच्या वाटेला लावतात. पर्यावरणपूरक शहर म्हटले की मेट्रो, ई-बस आणि गच्चीवरचे सौर पॅनेल आठवतात. ते सगळे हवेच. पण शहराचा पर्यावरणावरचा भार कमी करण्याचे सर्वांत स्वस्त काम स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली सुरू होते. पुण्याने त्यात काय कमावले, काय गमावले आणि गाडी कुठे अडली आहे, याचा हा आढावा.

कचऱ्याचा आणि हवामान बदलाचा संबंध काय?

आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा हे सगळे मोकळ्या हवेत किंवा खताच्या खड्ड्यात कुजले तर त्याची माती होते. मात्र तोच कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर आणखी शेकडो टन कचरा टाकून दाबला की त्याला प्राणवायू मिळत नाही. तेव्हा वाढणारे जिवाणू वेगळे असतात आणि त्यांच्यामुळे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो. वीस वर्षांचाच धरला तर ८० पटींहून जास्त. डेपोला उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी विझता विझत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हाच वायू. तो ढिगाच्या पोटात आतून धुमसत राहतो.

दुसरा त्रास पाण्याचा. ढिगावर पाऊस पडला की ओल्या कचऱ्याचा रस, बॅटऱ्यांमधले धातू, रंग, औषधे असे सगळे मिसळून काळपट द्रव खाली झिरपतो. त्याला तांत्रिक भाषेत लिचेट म्हणतात. खाली अस्तर नसेल तर तो थेट भूजलात उतरतो. एकदा विहीर बिघडली की कचरा टाकणे थांबवले तरी ती पुढच्या पावसाळ्यात सुधारत नाही.

म्हणजे ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा प्रश्न फक्त टापटिपीचा नाही. ओला कचरा ढिगात गेलाच नाही, तर मिथेन, आग, दुर्गंधी आणि लिचेट या चारही गोष्टी मुळातच कमी होतात. उरलेला सुका कचरा कोरडा राहतो, त्यामुळे तो विकला जातो. खरकटे लागलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही.

फुरसुंगी, उरुळी देवाचीच्या वाट्याला काय आले?

पुण्याचा जुना कचरा डेपो कोथरूडला होता. शहर पश्चिमेला सरकले, डेपोभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि डेपोला जागा बदलावी लागली. कोथरूडच्या त्या जागेवर आता मेट्रोचा कार डेपो उभा आहे. ‘कचरा डेपो’ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा शहराच्या आग्नेयेला, सासवड रस्त्यालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जाऊ लागला. तेव्हा ही गावे महापालिकेत नव्हती. पुण्याच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते, पुण्याच्या अंदाजपत्रकात वाटा नव्हता. पुण्याचा कचरा मात्र त्यांच्याकडे होता. शहरे कचऱ्याची जागा कशी निवडतात, हे समजून घ्यायला एवढे पुरे आहे.

पुढे जे झाले ते अपेक्षितच होते. विहिरी खराब झाल्या, गावांना टँकरवर अवलंबून राहावे लागले. माश्या, दुर्गंधी आणि धूर यांच्या तक्रारी वाढत गेल्या. ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, की महापालिका बैठक घ्यायची, आश्वासन द्यायची आणि मुदत मागून घ्यायची. डेपोचा काही भाग मातीच्या आणि प्लॅस्टिकच्या थराखाली बंदिस्त करण्यात आला. प्रक्रिया प्रकल्प आले, पण जेवढा कचरा येत होता तेवढा ते पचवू शकले नाहीत. प्रक्रियेनंतर उरलेल्या टाकाऊ मालाचेच नवे ढीग झाले.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि ग्रामस्थांचा संयम संपला. तीन आठवड्यांहून अधिक काळ एकही गाडी आत जाऊ दिली गेली नाही. पुण्याच्या रस्त्यांवर, पेठांत, उड्डाणपुलांखाली कचरा साचला आणि गावे इतकी वर्षे काय सहन करत होती, त्याचा थोडासा वास शहराला आला. अखेर तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातल्यावर आंदोलन मागे घेण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जी ११ गावे महापालिकेत समाविष्ट झाली, त्यांत ही दोन्ही होती. पुढे राज्य सरकारने ती पुन्हा वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद केली. हद्द दोनदा बदलली. जुन्या कचऱ्याचा ढीग तिथेच होता. हा वर्षानुवर्षांचा कचरा उकरून, चाळून, माती, प्लॅस्टिक आणि दगड वेगळे करण्याचे काम म्हणजेच बायोमायनिंग. ते वेळखाऊ आहे आणि खर्चीकही. जो कचरा दारातच वेगळा झाला असता, तो आता यंत्राने वेगळा करण्यासाठी करदाता दुसऱ्यांदा पैसे मोजतो.

कचरावेचक महापालिकेच्या व्यवस्थेत कसे आले?

ही पुण्याच्या कहाणीची दुसरी बाजू आणि देशभरातून लोक पाहायला येतात ती हीच. ऐंशीच्या दशकापर्यंत कचरावेचक रस्त्यावरच्या कचराकुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा शोधत असत. त्यांत स्त्रिया बहुसंख्य आणि त्यातही बहुतेक दलित समाजातल्या. पोलिसांना त्या चोर वाटत, कुत्री मागे लागत आणि काचेने हात कापणे तर रोजचेच. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी १९९० च्या सुमारास या स्त्रियांबरोबर साक्षरतेचे काम सुरू केले. कुंडीतला मिसळलेला कचरा चिवडण्यापेक्षा घरातूनच वेगळा केलेला कचरा मिळाला तर कमाई वाढते आणि इजा कमी होते, हे त्या प्रयोगातून दिसले. १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली.

संघटनेची पहिली मागणी पैशांची नव्हती, ओळखपत्राची होती. महापालिकेचे नाव असलेले कार्ड गळ्यात आले आणि ‘कचरा उचलणारी’ ही कामगार ठरली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासाने या स्त्रियांच्या कामाचा हिशेब मांडला. त्या जेवढा कचरा बाजूला काढतात, तेवढा वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. त्यानंतर महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. उपकार म्हणून नाही, वाचलेल्या खर्चातला वाटा म्हणून. हा फरक महत्त्वाचा आहे.

दरम्यान, केंद्राच्या २००० सालच्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा संकलन बंधनकारक केले. यातून नवाच पेच उभा राहिला. रस्त्यावरच्या कुंड्या हटल्या आणि दारातला कचरा ठेकेदाराच्या घंटागाडीत गेला, तर कचरावेचकांनी जायचे कुठे? संघटनेचे म्हणणे असे की, दारात जायचेच आहे तर आम्हीच का जाऊ नये? प्रायोगिक टप्प्यानंतर कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. पुढे केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी सगळ्याच शहरांना कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. पुण्यात ते आठ वर्षे आधीच सुरू झाले होते.

ढकलगाडीतला कचरा पुढे कुठे जातो?

साधारण दोन जणींची जोडी ठरावीक घरांचा कचरा घेते. ओला एका बादलीत, सुका पोत्यात. ओला कचरा ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणाऱ्या महापालिकेच्या गाडीत रिकामा होतो. सुका कचरा शेडमध्ये, शेड नसेल तर पुलाखाली किंवा पदपथाच्या कडेला पसरला जातो आणि खरे कौशल्याचे काम सुरू होते. वर्तमानपत्र वेगळे, वहीचा पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. प्लॅस्टिकमध्ये पाण्याच्या बाटल्या, त्यांची झाकणे, शाम्पूच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि पातळ कॅरीबॅग यांचा प्रत्येकाचा भाव निराळा. हाताला लागलेल्या पिशवीचा आवाज ऐकून ती कोणत्या प्लॅस्टिकची आहे हे अनुभवी बाई सांगते. त्यासाठी परदेशात इन्फ्रारेड यंत्रे बसवतात.

हा माल भंगार दुकानात, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि पुढे पुनर्वापराच्या कारखान्यात जातो. दररोज २०० टनांहून अधिक कचरा अशा रीतीने डेपोपासून दूर राहतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. त्यासाठी महापालिकेला ना टिपर लागतो, ना डिझेल.

अडचण येते ती चिप्स, बिस्किटे आणि मसाल्यांच्या चकचकीत पाकिटांची. त्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत, म्हणून त्यांना बाजारात भाव नाही. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांनुसार अशा वेष्टनांची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. पाकीट गोळा करणाऱ्या हातांपर्यंत त्या जबाबदारीचे पैसे किती पोहोचतात, हा या नियमांचा खरा कस आहे.

यासाठी पैसे कोण देते?

प्रत्येक घर महिन्याला सेवाशुल्क देते. रक्कम मल्टिप्लेक्समधल्या एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी. त्यात भर पडते ती सुक्या कचऱ्याच्या विक्रीची. वस्त्यांमधल्या शुल्काचा काही भार महापालिका उचलते, शिवाय साधने आणि देखरेखीचा खर्चही तिचा. ठेकेदाराला टनामागे पैसे देण्याच्या पद्धतीपेक्षा हे महापालिकेला स्वस्त पडते. आणखी एक फरक आहे. ज्याला वजनावर पैसे मिळतात, त्याला कचरा कमी होण्यात रस नसतो. जिची कमाई वर्गीकरणावर आहे, ती वेगळा केलेला कचरा मागून घेते.

पण याच रचनेत कचरावेचकाच्या डोक्यावर सगळी जोखीम येते. घराने शुल्क दिले नाही तर तोटा तिचा. जागतिक बाजारात कच्चे तेल स्वस्त झाले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते आणि भंगाराचा भाव पडतो. तोही तोटा तिचाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्लॅस्टिक भंगारावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला, तेव्हा त्याचा दाब साखळीतून खाली तिच्यापर्यंत येणे ओघानेच आले. ती सुट्टीवर गेली तर बदली तिनेच शोधायची. आणि महापालिकेशी असलेल्या कराराची मुदत संपली की पुढचे काही महिने टांगणीला. २०२० च्या अखेरीस असेच झाले. ठेकेदारामार्फत संकलनाचा विषय पुढे आला आणि कचरावेचकांना काम टिकवण्यासाठी पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. शहराला वर्षानुवर्षे लागणारी सेवा मुदतवाढीवर चालवणे हा कोणत्याही अर्थाने काटकसरीचा कारभार नाही.

मग गाडी अडते कुठे?

ओल्या कचऱ्यापाशी. सुक्याला बाजार आहे, ओल्याला नाही. तो २४ तासांत जिरवावा लागतो. पुण्याने त्यासाठी प्रभागांत पाच टनांच्या आसपास क्षमतेचे छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले. कल्पना उत्तम होती. ज्या भागाचा कचरा त्याच भागात, तयार होणाऱ्या वायूपासून वीज, तिच्यावर रस्त्यावरचे दिवे. प्रत्यक्षात यातले बरेचसे प्रकल्प पूर्ण क्षमतेने कधी चालले नाहीत, काही बंद पडले. बायोगॅसची टाकी म्हणजे एक प्रकारचे पोटच. त्यात प्लॅस्टिक, नारळाच्या करवंट्या, काचेचे तुकडे गेले की ते बिघडते. त्यामुळे सोसायटीतल्या एका घराने ओल्यात डायपर टाकले की त्याचे परिणाम तीन किलोमीटरवरच्या प्रकल्पात दिसतात. शिवाय अशा प्रकल्पांच्या निविदेत उभारणीकडे जेवढे लक्ष असते, तेवढे पुढच्या देखभालीकडे नसते. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात. पंप बिघडल्यावर कोणी येत नाही.

जे प्रकल्प चालतात, त्यांनाही शेजार नको असतो. बाणेरला हॉटेलांचा ओला कचरा दळून त्याचा राडा टँकरने तळेगावला नेण्याचा प्रकल्प आहे. तिथे त्यापासून वायू बनवला जातो. दुर्गंधीच्या तक्रारींवरून परिसरातील रहिवासी राष्ट्रीय हरित लवादात गेले. लवादाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रकल्प हलवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रकल्प बंद करणे सार्वजनिक हिताच्या विरोधात जाईल, कारण तो कचरा मग पुन्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागेल, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. दुर्गंधी कमी करण्यासाठीच्या उपायांच्या आणि झाडे लावण्याच्या अटी मात्र घालण्यात आल्या. बाणेरकरांची तक्रार खोटी नव्हती. पण हीच तक्रार फुरसुंगीकर कितीतरी वर्षे करत होते आणि त्यांच्याकडे येणारा कचरा तर त्यांचा स्वतःचाही नव्हता.

खरे तर मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा बाहेर यायलाच नको. २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींना तो शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितले होते. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्यांवर तर त्यांनी विशेष जबाबदारी टाकली होती. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकत करात सवलतही देते. सवलत घेऊन झाल्यावर खड्डा चालू आहे का, हे पाहायला कोणी जाते का, हा प्रश्न कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारून पाहण्याजोगा आहे. ताजे उदाहरण हवे असेल तर पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन झाकण उघडून पाहावे.

सगळा कचरा जाळून वीज का करू नये?

शेजारच्या पिंपरी-चिंचवडने मोशी येथे ७०० टन क्षमतेचा आणि १४ मेगावॉट वीज देणारा प्रकल्प उभारला. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डेपोवर जाणारा कचरा त्याने कमी होतो, हे खरे. पण भट्टीला हवे असते ते चांगले पेटणारे, म्हणजे कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक. कचरावेचकाचा रोजगार नेमका त्यावरच असतो. ओला कचरा पाण्याने जड असल्याने आधी वाळवण्यातच ऊर्जा जाते. ज्याचा पुनर्वापर होऊच शकत नाही, अशा उरलेल्या कचऱ्यासाठी भट्टी हा शेवटचा पर्याय म्हणून ठीक आहे. मात्र ठरावीक टन पुरवण्याचे करार २०-२० वर्षांचे असले, की शहराला कचरा कमी करण्याचीच चोरी होते.

इंदूरचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू बनवणारा मोठा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या वायूवर शहर बससुद्धा धावतात. म्हणजे मोठा केंद्रीय प्रकल्पही चालू शकतो. त्याआधी काही वर्षे इंदूरने दारातल्या वर्गीकरणावर घेतलेली मेहनत मात्र अभ्यासदौऱ्यांच्या अहवालांत दोन ओळींत उरकली जाते आणि निविदा यंत्रांचीच निघते.

सॅनिटरी कचऱ्याचे काय?

सॅनिटरी पॅड आणि डायपर ना कुजतात, ना विकले जातात. उघडे टाकले तर ते हाताने वेगळे करावे लागतात आणि त्यातून संसर्गाचा धोका असतो. पुण्यातल्या कचरावेचकांनी यावर साधा उपाय सुचवला. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि त्यावर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी उघडून पाहावी लागत नाही. ‘रेड डॉट’ मोहीम म्हणून ती पुढे इतर शहरांतही पोहोचली. खर्च एका स्केचपेनचा.

शहर वाढले, जागा कुठे?

जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, आंबेगाव या पट्ट्यात टॉवर उभे राहत आहेत. विकास आराखड्यात रस्ता, शाळा आणि उद्यानाचे आरक्षण पडते, त्यावर हरकती येतात, सुनावण्या होतात. कचरा वर्गीकरणाच्या शेडसाठी मात्र प्रत्येक प्रभागात काही गुंठे जागा मिळवताना महापालिकेची दमछाक होते, कारण आरक्षण पडले की आजूबाजूच्या फ्लॅटचे भाव उतरतील असा धाक घातला जातो. मग वर्गीकरण पुलाखाली होते. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो, त्या दिवसाची कमाई जाते आणि भिजलेला पुठ्ठा मिश्र कचऱ्याच्या गाडीत चढतो. या नव्या गावांचे आराखडे अंतिम होतील, तेव्हा प्रत्येक प्रभागात पत्र्याचे छप्पर, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह असलेल्या शेडला जागा आहे की नाही, हे नकाशावर शोधता येईल. हरकत नोंदवण्याची मुदत तेव्हाच असते.